दुर्बिणीला काय दिसते, काय निसटते?

एंडोस्कोपीचा रिपोर्ट हातात पडला की बहुतेक जण वरचा मजकूर वाचत नाहीत. नजर थेट शेवटच्या ओळीवर जाते. तिथे ‘नॉर्मल’ असे छापलेले दिसले की जीव भांड्यात पडतो. फाइल कपाटात जाते. पुढे सहा-आठ महिन्यांनी भाकरीचा घास छातीत अडकू लागला, तर घरातलेच कोणीतरी सांगते, ‘अहो, आत्ताच तर दुर्बीण टाकून पाहिलं होतं, काही निघालं नाही.’ मग अॅसिडिटीच्या गोळ्यांवर आणखी काही महिने जातात. अन्ननलिकेच्या कर्करोगात हे महिने फार महागात पडतात.

दुर्बिणीची तपासणी कुचकामी आहे, असा याचा अर्थ अजिबात नाही. अन्ननलिकेच्या आतल्या अस्तरावर काय चालले आहे हे पाहायला आज तिच्याहून चांगले साधन नाही. रक्ताच्या तपासणीत किंवा सोनोग्राफीत ते कळत नाही. सीटी स्कॅनमध्येही गाठ बऱ्यापैकी वाढल्यावरच दिसते. पण कर्करोग होण्याच्या आधी अस्तरात जे बारीक बदल होतात ते दुर्बिणीला किती खात्रीने दिसतात, हा प्रश्न वेगळा आहे. आणि त्याचे उत्तर दुर्बिणीच्या किमतीपेक्षा ती कशी वापरली यावर जास्त अवलंबून आहे.

या विषयावरच्या अनेक अभ्यासांची एकत्र छाननी २०१४ साली प्रसिद्ध झाली. अन्ननलिका आणि जठराचा कर्करोग झालेल्या दर शंभर रुग्णांपैकी सुमारे ११ जणांची त्याआधीच्या तीन वर्षांत एंडोस्कोपी झालेली होती आणि तिच्यात कर्करोग सापडलेला नव्हता, असे त्यात दिसले. यातल्या काहींचा आजार त्या वेळी खरोखरच सुरू झालेला नसेल. काहींच्या बाबतीत मात्र तो समोर असूनही ओळखला गेला नाही.

असे का व्हावे, हे समजायला अन्ननलिकेचे अस्तर थोडे जाणून घ्यायला हवे. अन्ननलिका म्हणजे घशापासून जठरापर्यंत जाणारी, साधारण २५ सेंटिमीटर लांबीची स्नायूंची नळी. तिच्या आतून तोंडातल्यासारखेच चपट्या पेशींच्या थरांचे अस्तर असते. सततच्या माऱ्याने, मग तो तंबाखूचा असो, दारूचा असो की जठरातून वर येणाऱ्या आम्लाचा, या अस्तरातल्या पेशींची शिस्त बिघडत जाते. केंद्रके मोठी आणि गडद होतात, थरांची रचना विस्कटते; पण बिघडलेल्या पेशी अजून अस्तराचा तळ फोडून खाली उतरलेल्या नसतात. या अवस्थेला डिसप्लेसिया म्हणतात. ती सौम्य असते किंवा तीव्र. रुग्णाला या काळात त्यामुळे काहीही त्रास होत नाही, हीच मोठी अडचण. घास अडकू लागतो तेव्हा गाठीने नळीची बरीच जागा आधीच व्यापलेली असते. याउलट डिसप्लेसियाच्या किंवा अगदी उथळ कर्करोगाच्या टप्प्यावर आजार सापडला, तर दुर्बिणीतूनच तेवढा थर सोलून काढता येतो. छाती उघडावी लागत नाही.

डिसप्लेसिया हे पेशींच्या पातळीवरचे निदान आहे. ते सूक्ष्मदर्शकाखाली होते. एंडोस्कोपी करणाऱ्याला दिसतो तो फार तर रंगातला किंचित फरक, एखादा खडबडीत ठिपका, रक्तवाहिन्यांची बदललेली नक्षी. १९५४ साली हॅरोल्ड हॉपकिन्स आणि मूळचे पंजाबचे नरिंदर सिंग कपानी यांनी काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र वाहून नेता येते हे दाखवून दिले. १९५७ मध्ये बेसिल हिर्शोविट्झ यांनी अशी लवचिक दुर्बीण बनवून आधी स्वतःच्याच घशात घातली. तेव्हापासून जखम, रक्तस्राव, गाठ ओळखण्यात या साधनाने क्रांती केली. पण सपाट अस्तरातला रंगाचा अर्धा-पाव फरक ओळखणे हे त्याहून कितीतरी नाजूक काम आहे.

पाश्चात्त्य देशांत या प्रश्नाचा अभ्यास मुख्यतः ‘बॅरेट्स इसोफॅगस’ या अवस्थेभोवती झाला. वर्षानुवर्षे आम्ल वर येत राहिले की काही जणांच्या अन्ननलिकेच्या खालच्या भागातले मूळचे अस्तर जाते आणि त्या जागी आतड्यासारखे अस्तर येते. लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमधले, मूळचे ऑस्ट्रेलियाचे शल्यचिकित्सक नॉर्मन बॅरेट यांनी १९५० साली याविषयी लिहिले. पण हा भाग म्हणजे आखूड अन्ननलिकेमुळे छातीत ओढले गेलेले जठर आहे, असे त्यांचे म्हणणे होते. ती अन्ननलिकाच आहे, फक्त अस्तर बदलले आहे, हे १९५३ मध्ये अॅलिसन आणि जॉनस्टोन यांनी दाखवले. बॅरेट यांनी १९५७ मध्ये ते मान्य केले. नाव मात्र बॅरेट यांचेच चिकटले. वैद्यकात असे पुष्कळदा होते.

बॅरेट ओळखणे तसे सोपे. निरोगी अस्तर फिकट, मोत्यासारखे चकचकीत दिसते आणि बॅरेटचे लालसर, मखमली. पण त्या लाल मखमलीत डिसप्लेसियाचा ठिपका नेमका कुठे आहे, हे साध्या पांढऱ्या प्रकाशात बहुधा कळत नाही. म्हणून एक पद्धत रूढ झाली. दर दोन सेंटिमीटरवर चार बाजूंनी चार तुकडे घ्यायचे आणि जिथे काही वेगळे दिसेल तिथला तुकडा वेगळा घ्यायचा. माती परीक्षणाला शेताच्या चार कोपऱ्यांतली माती घ्यावी तसाच हा प्रकार. फरक इतकाच की शेताची माती बव्हंशी सारखी असते, डिसप्लेसिया मात्र पिकात लपलेल्या तणासारखा कुठेतरी एका जागी उगवतो. इतके तुकडे घेऊनही बॅरेटच्या एकूण पृष्ठभागाचा जेमतेम पाच टक्के भाग तपासला जातो. उरलेल्या पंचाण्णव टक्क्यांचा भरवसा डोळ्यांवरच.

त्याचा परिणाम आकड्यांत दिसतो. ज्यांना बॅरेट आहे हे माहीत होते, म्हणजे डॉक्टर मुद्दाम तेच शोधायला बसले होते, अशा रुग्णांवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या तपासणीत विशेष काही न सापडलेल्या, पण नंतर कर्करोग निघालेल्या रुग्णांपैकी जवळपास चौथ्या हिश्शाचे निदान त्या तपासणीनंतर एका वर्षाच्या आतच झाले होते. इतक्या कमी काळात नवा कर्करोग उभा राहणे कठीण. त्यातले बहुतेक पहिल्या वेळी तिथेच असणार.

मग यावर उपाय काय? महागडी यंत्रे आहेतच. ‘नॅरो बँड इमेजिंग’ या तंत्रात पांढऱ्या प्रकाशाऐवजी ४१५ आणि ५४० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा-हिरवा प्रकाश वापरतात. रक्तातले हिमोग्लोबिन तो शोषून घेते, त्यामुळे बारीक रक्तवाहिन्या गडद उठून दिसतात आणि त्यांची बिघडलेली नक्षी नजरेत भरते. स्वस्त उपायही आहे. पातळ केलेले अॅसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधले आम्ल, अस्तरावर फवारले की ते पांढरे होते आणि बिघडलेल्या भागावरची पांढुरकी झाक इतरांच्या आधी उतरते. मुंबईत टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी झोपडपट्ट्यांतल्या स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी जी चाचणी वापरली, त्यातही हेच आम्ल होते. तिथे मात्र बिघडलेला भाग पांढरा दिसतो.

पण सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्मीळ साधन आहे वेळ. बॅरेटच्या रुग्णांवरच्या २०१२ च्या एका अभ्यासात तपासणी करणाऱ्यांनी किती वेळ पाहिले हे मोजले गेले. बदललेल्या अस्तराच्या दर सेंटिमीटरमागे एक मिनिटाहून जास्त वेळ देणाऱ्यांना तीव्र डिसप्लेसिया आणि कर्करोग अधिक सापडले. हे वाचायला साधे वाटते. पण सरकारी रुग्णालयात एका सकाळी बाहेर बाकांवर उपाशीपोटी बसलेली रांग पाहिली की एकेका रुग्णाला मिनिटे वाढवून देणे म्हणजे काय ते कळते. खासगीतही चित्र फार वेगळे नाही. तिथे रांग बाकांऐवजी अपॉइंटमेंटच्या वहीत असते. शिवाय अस्तरावर लाळ, फेस, कफ असतो. तो पाण्याने नीट धुऊन काढला नाही तर पुढची सगळी तपासणी धुक्यातून पाहिल्यासारखी होते. नव्या दुर्बिणीसाठी लाखोंची तरतूद होते. धुण्यासाठी लागणाऱ्या दोन मिनिटांची तरतूद कोणी करत नाही.

तुकडा घेतला म्हणजे प्रश्न सुटला असेही नाही. चूक उलट दिशेनेही होते. नेदरलँड्समध्ये सहा रुग्णालयांत सौम्य डिसप्लेसियाचे निदान झालेल्या १४७ जणांच्या काचपट्ट्या तज्ज्ञ पॅथॉलॉजिस्टनी पुन्हा पाहिल्या. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष चक्रावून टाकणारा होता. तब्बल ८५ टक्के रुग्णांना डिसप्लेसिया नव्हताच, किंवा तो आहे असे नक्की म्हणता येत नव्हते. जळजळीने सुजलेल्या पेशीही सूक्ष्मदर्शकाखाली बिघडल्यासारख्या दिसतात. ज्या उरलेल्या १५ टक्क्यांचे निदान पक्के ठरले, त्यांच्यात मात्र पुढच्या नऊ वर्षांत आजार तीव्र डिसप्लेसिया किंवा कर्करोगापर्यंत पोहोचण्याचा संचयी धोका ८५ टक्के निघाला. बाकीच्यांत तो पाच टक्क्यांच्याही खाली होता. म्हणजे दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टचे मत घेणे ही चैन नव्हे. त्यावर पुढचे सगळे ठरते. निदान पक्के असेल तर त्या अस्तरावर रेडिओलहरींच्या उष्णतेने उपचार केल्यास तीन वर्षांत आजार वाढण्याचे प्रमाण २६.५ टक्क्यांवरून १.५ टक्क्यावर येते, हे २०१४ च्या एका चाचणीत दिसले. निदान पक्के नसेल तर तोच उपचार विनाकारण होतो.

आणि साधा, डिसप्लेसिया नसलेला बॅरेट असलेल्यांनी घाबरून जाण्याचे कारण नाही. डेन्मार्कमध्ये ११,०२८ बॅरेट रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या तेव्हा कर्करोगाचा धोका वर्षाला ०.१२ टक्के, म्हणजे साधारण आठशेत एक इतकाच निघाला. २०२५ मध्ये ब्रिटनमधल्या ३,४५३ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष आले. दर दोन वर्षांनी नेमाने दुर्बीण टाकलेले आणि फक्त त्रास झाल्यावर टाकलेले, अशा दोन गटांत दहा वर्षांहून अधिक काळानंतरही मृत्यूंच्या प्रमाणात फरक पडला नाही. वारंवार पाहण्यापेक्षा नीट पाहणे महत्त्वाचे असावे, असे म्हणायला यामुळे जागा मिळते.

इथवरची चर्चा पाश्चात्त्यांच्या आजाराची झाली. भारतातले अन्ननलिकेचे बहुतेक कर्करोग बॅरेटमधून येत नाहीत. ते मूळच्या चपट्या पेशींच्या अस्तरातूनच उगवतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२२ च्या अंदाजानुसार देशात वर्षाला ७० हजारांच्या आसपास लोकांना हा कर्करोग होतो. मेघालयातल्या पूर्व खासी हिल्स जिल्ह्यात २०१२ ते २०१६ या काळात पुरुषांमध्ये त्याचे प्रमाण लाखामागे ७५.४ होते, देशातले सर्वाधिक. तिथे कच्ची सुपारी आणि तंबाखू; आपल्याकडे तंबाखू-चुना, मिसरी, गुटखा, विडी आणि वर दारू. या आजारात डॉक्टरला सावध करणारी लाल मखमल नसते. डिसप्लेसियाचा चट्टा सपाट असतो आणि त्याचा रंग शेजारच्या अस्तराशी जवळपास मिळताजुळता. जपानमधल्या एका चाचणीत (२०१०) अन्ननलिकेतले उथळ कर्करोग साध्या प्रकाशात ५५ टक्केच सापडले. नॅरो बँड प्रकाशात ९७ टक्के. निम्म्याच्या जवळपास निसटले, तेही असे चट्टे ओळखण्यात जगात अव्वल मानल्या जाणाऱ्या देशात, आणि खास तेच शोधताना.

जिथे असा प्रकाश नाही तिथे एक जुना उपाय आहे, ल्युगॉलचे आयोडीन. शाळेत बटाट्याच्या कापावर आयोडीन टाकून तो निळा-काळा झालेला सगळ्यांनी पाहिला असेल. अन्ननलिकेच्या निरोगी पेशींत ग्लायकोजेन हा स्टार्चचाच भाऊबंद साठलेला असतो. आयोडीन फवारले की निरोगी अस्तर गडद तपकिरी होते. बिघडलेल्या पेशींतले ग्लायकोजेन संपलेले असते, म्हणून तो चट्टा रंग घेत नाही. तपकिरी भिंतीवर पोपडा निघाल्यासारखा पिवळट दिसतो आणि दोन-तीन मिनिटांत गुलाबी पडला तर संशय आणखी बळावतो. चीनच्या हेनान प्रांतात लिनशियन नावाचा परगणा आहे. अन्ननलिकेच्या कर्करोगासाठी तो जगभर कुप्रसिद्ध आहे. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिथल्या अभ्यासात तीव्र बदल असलेल्या रुग्णांपैकी ६२ टक्के जण आयोडीनशिवाय ओळखता आले. आयोडीननंतर हा आकडा ९६ वर गेला. किंमतही मोजावी लागली. निरोगी माणसाला निरोगी म्हणण्याचे प्रमाण ७९ टक्क्यांवरून ६३ वर घसरले, कारण साधी सूज आलेला भागही रंग धरत नाही. म्हणजे तुकडे जास्त घ्यावे लागतात. चार तुकडे वाया गेले तरी एक चट्टा निसटण्यापेक्षा ते परवडते.

हे फक्त चित्र सुंदर दिसण्यापुरते नाही, हेही चीननेच दाखवले. हेबेई प्रांतातल्या त्सशियन परगण्यात ४० ते ६९ वयाच्या गावकऱ्यांची आयुष्यात एकदाच आयोडीनसह एंडोस्कोपी केली आणि सापडलेल्या चट्ट्यांवर उपचार केले. बोलावलेल्यांपैकी निम्म्याहून कमी लोक आले. तरीही दहा वर्षांनंतर त्या गावांत या कर्करोगाने झालेले मृत्यू ३.३५ टक्के होते, शेजारच्या गावांत ५.०५ टक्के.

आपल्याकडे सरसकट सगळ्यांना दुर्बीण टाकणे शक्य नाही आणि शहाणपणाचेही नाही. पण एक गट असा आहे की ज्याच्याकडे पुरेसे लक्ष जात नाही. तोंडाचा, जिभेचा किंवा घशाचा कर्करोग होऊन गेलेले लोक. ज्या तंबाखूने गालाचे अस्तर बिघडवले, तीच लाळेबरोबर अन्ननलिकेतूनही खाली गेलेली असते. सारे शेतच नासलेले असते, हा विचार १९५३ साली स्लॉटर आणि सहकाऱ्यांनी मांडला. महाराष्ट्रात अशा रुग्णांची कमतरता नाही. दर फेरीला त्यांचे तोंड तपासले जाते, मान चाचपली जाते. अन्ननलिका मात्र घास अडकेपर्यंत कोणाला आठवत नाही. अशा रुग्णाला निदान एकदा तरी आयोडीन किंवा नॅरो बँड वापरून केलेली, घाई नसलेली एंडोस्कोपी मिळायला हवी. ल्युगॉलचे द्रावण काही परदेशातून मागवावे लागत नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेचा गाजावाजा इथेही सुरू झाला आहे. २०२० मध्ये डच संशोधकांनी बनवलेल्या प्रणालीने बॅरेटच्या छायाचित्रांत बिघाड ओळखण्यात ५३ डॉक्टरांना मागे टाकले. तिची अचूकता ८८ टक्के, डॉक्टरांची ७३. आशा वाटावी असेच हे आहे. पण ही यंत्रे ज्या चित्रांवर शिकली तेवढेच त्यांना कळते. बॅरेटवर शिकलेल्या यंत्राला आपल्याकडचा चपट्या पेशींचा चट्टा ओळखता येईल असे गृहीत धरता येत नाही. आणि कॅमेरा जिथे वळलाच नाही, किंवा जिथला कफ धुतलाच नाही, तिथले संगणकालाही दिसत नाही.

रुग्णाने यात करायचे ते थोडेच आहे. तपासणीच्या आधी तंबाखू, मिसरी, दारूची सवय किंवा पूर्वीचा तोंडाचा कर्करोग सांगावा, विचारले नाही तरी सांगावे. कारण ते कळले की पाहणाऱ्याची नजर बदलते. आयोडीनची अॅलर्जी किंवा थायरॉइडचा विकार असेल तर तोही सांगावा. आयोडीन फवारल्यावर थोडा वेळ छातीत जळजळ होते. शेवटी सोडियम थायोसल्फेट फवारले की ती बरीच कमी होते. रिपोर्टमध्ये छायाचित्रे आहेत का, तुकडा घेतला का आणि कुठून, एवढे पाहायला डॉक्टर असावे लागत नाही. कोरडा घास अडकणे, पाण्याबरोबर गिळावे लागणे, कारणाशिवाय वजन उतरणे यांपैकी काही सुरू झाले, तर आधीचा नॉर्मल रिपोर्ट कितीही ताजा असो, तपासणी पुन्हा करून घ्यावी. आणि बायोप्सीत डिसप्लेसिया लिहून आला तर दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवण्यासाठी काचपट्ट्या आणि मेणात बसवलेला तुकडा, ज्याला ‘ब्लॉक’ म्हणतात, प्रयोगशाळेकडून मागून घ्यावा. तो मागितल्याने डॉक्टरांचा अपमान होत नाही.